मे महिन्यातला मुका पहारेकरी
घर, दुकान आणि शाळा यांची राखण : साधन निवडण्यामागचे विज्ञान

परभणीतल्या माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून थोडे पैसे बाजूला काढून घरात चोरसूचक यंत्र बसवून घेतले. महिना डिसेंबरचा होता. बसवणाऱ्या कारागिराने बैठकीतून चालून दाखवले. दुसऱ्या पावलालाच घंटा कडाडली. सर समाधानी झाले. पुढे मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी घर आठ दिवस बंद होते. परतले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. कुलूप काढून सर आत आले, बैठक ओलांडून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की यंत्र चालूच आहे. लाल दिवा लागलेला होता, पण घंटा वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर आला. रात्रभर कूलर चालला होता, खिडक्या उघड्या होत्या. कारागीर बैठकीतून चालला आणि घंटा वाजली. "सर, यंत्रात काही बिघाड नाही," असे म्हणून तो निघून गेला. सरांना मात्र प्रश्न पडला : संध्याकाळी मुके असलेले यंत्र सकाळी बोलके कसे झाले?

या प्रश्नाचे उत्तर आठवी ते दहावीच्या भौतिकशास्त्रात आहे. पण त्याकडे जाण्याआधी राखण म्हणजे नेमके काय, हे थोडे पाहू या.

अडसर आणि कुलूप

मराठवाड्यातल्या जुन्या गावांत आजही पडक्या गढ्या दिसतात. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, मोठा दरवाजा आणि त्यातच एका वेळी एकच माणूस वाकून आत येईल अशी दिंडी. आत देवडी, देवडीवर राखणदार, मग चौक, ओसरी, माजघर आणि सर्वांत आत चीजवस्तूंची खोली. साध्या माळवदाच्या घरातही दाराला आतून अडसर असे. हा लाकडी दांडा भिंतीतल्या कोनाड्यातून ओढून दारामागे आडवा सरकवायचा. बाहेरून कितीही धक्के मारले तरी तो जोर दाराच्या कडीवर न येता दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वाटला जातो.

अडसराला एकच अडचण आहे. तो लावायला घरात माणूस लागतो. गावात जागल्या फिरत असे आणि घरात आजी असेच, तोवर ही अडचण जाणवत नव्हती. घर पूर्ण रिकामे ठेवून जायची वेळ आली की मात्र कुलूप लागते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब असो, बदलीच्या गावी राहणारे शिक्षक असोत की रात्री दुकान बंद करून घरी जाणारा व्यापारी असो. कुलूप म्हणजे मालकाच्या गैरहजेरीत काम करणारा अडसर.

आपल्याकडे आज सर्वत्र दिसणारे सपाट किल्लीचे कुलूप अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६०च्या दशकात घडवले. त्यामागची कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपातली आहे. कुलपात लहान-लहान खिट्ट्या असतात. किल्लीच्या खाचा त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात तेव्हाच आतला दंडगोल फिरतो. समजा पाच खिट्ट्या आहेत आणि प्रत्येकीच्या सहा उंची शक्य आहेत. मग किल्ल्यांचे प्रकार किती? ६ × ६ × ६ × ६ × ६ = ७,७७६. आपल्या देशात आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, आणि चांगल्या कुलपासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज उरली नाही.

पण कुलूप चांगले असले म्हणजे दार पक्के झाले असे नाही. चोर सहसा किल्ली शोधत बसत नाही. तो कोयंडा उचकटतो. एक मीटर लांबीची पहार घ्या. टेकू टोकापासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर जोर लावण्याची भुजा ९५ सेंटिमीटरची होते. यांत्रिक लाभ ९५ भागिले ५, म्हणजे १९. माणसाने ४० किलोचा जोर लावला तर कोयंड्यावर ७६० किलोचा जोर येतो. लाकडात अर्धा इंच गेलेले स्क्रू हा जोर सोसत नाहीत. म्हणून हजार रुपयांचे कुलूप घेण्याआधी कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवलेला आहे का आणि नट आतल्या बाजूला आहेत का, ते पाहावे. दुकानाच्या शटरचेही तसेच. दोन कोपऱ्यांना दोन भारी कुलपे आणि मधला पत्रा मात्र वाकणारा, अशी स्थिती असेल तर कुलपाची किंमत वाया गेली. मध्ये जमिनीत अडकणारा खटका हवा.

सगळा खेळ मिनिटांचा

कोणतेही दार कायमचे अडवू शकत नाही. ते फक्त वेळ खाते. राखणीचे शास्त्र म्हणूनच तीन शब्दांत मांडता येते : चाहूल, विलंब आणि धाव. चोर आल्याची चाहूल लागली पाहिजे. चाहूल लागल्यापासून वस्तू हाती लागेपर्यंत त्याला विलंब झाला पाहिजे. आणि तेवढ्या वेळात कुणीतरी धावून आले पाहिजे. विलंब धावेपेक्षा जास्त असला तरच राखण यशस्वी.

उदाहरण घेऊ. घंटा ऐकून शेजारी यायला ४ मिनिटे लागतात. बाहेरच्या व्हरांड्याला जाळीचे दार आहे, मग लाकडी दार, मग आत कपाट. लाकडी दार तोडायला २ मिनिटे आणि कपाट फोडायला ३ मिनिटे लागतात असे धरू. चोरसूचक यंत्र बैठकीत असेल, तर ते वाजेपर्यंत लाकडी दार तुटलेले असते. उरतात फक्त कपाटाची ३ मिनिटे. शेजारी एक मिनिट उशिरा पोचतात. तेच यंत्र बाहेरच्या जाळीच्या दारावर असेल, तर वाजल्यानंतर २ आणि ३ मिळून ५ मिनिटे उरतात. शेजारी एक मिनिट आधी पोचतात. यंत्र तेच, दारे तीच, शेजारीही तेच. जागा बदलल्याने निकाल बदलला.

जुन्या गढीत देवडी सर्वांत बाहेर आणि चीजवस्तू सर्वांत आत असण्यामागे हेच गणित होते.

माणसाची ऊब पाहणारा डोळा

आता सरांच्या बैठकीकडे वळू. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेली पांढऱ्या प्लास्टिकची ती लहान पेटी म्हणजे अवरक्त संवेदक. तिला बाजारात 'पीआयआर' म्हणतात. ती स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. समोरून येणारे उष्णतेचे प्रारण फक्त टिपते.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण सोडत असते. वीनच्या नियमाप्रमाणे २,८९८ या संख्येला निरपेक्ष तापमानाने भागले की सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०६ केल्विन धरले, तर ही तरंगलांबी सुमारे ९.५ मायक्रॉन येते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या ती १३ ते २३ पट आहे. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. म्हणून खिडकीच्या काचेमागून जाणारा माणूस या संवेदकाला दिसत नाही, आणि त्याचे भिंगही काचेचे नसून पातळ पॉलिथिनचे असते. त्यावरच्या चौकोनी रेघा म्हणजे फ्रेनेल भिंगांच्या ओळी. दीपगृहासाठी शोधलेले हे भिंग इथे खोलीचे वेगवेगळ्या पट्ट्यांत तुकडे करते.

भिंगामागे पायरोइलेक्ट्रिक स्फटिकाचे दोन तुकडे असतात. ऊब बदलली की या स्फटिकावर विद्युतभार निर्माण होतो. दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोली एकदम तापली, तर दोघांवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य येते आणि यंत्र गप्प राहते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला, की आधी एक तुकडा आणि मग दुसरा तुकडा बदल टिपतो. त्यातून खालीवर होणारा संकेत मिळतो आणि घंटा वाजते.

थोडक्यात, हा डोळा माणूस पाहत नाही. माणूस आणि त्यामागची भिंत यांच्यातला फरक पाहतो.

हा फरक किती? स्टेफान-बोल्ट्झमान नियमानुसार प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्वचा व कपडे ३३ अंशांवर आहेत असे धरून प्रत्येक चौरस मीटरमागे फरक काढला तर असे आकडे मिळतात :

भिंत १५ अंश (डिसेंबरची पहाट) : सुमारे १०७ वॅट
भिंत २५ अंश : सुमारे ५० वॅट
भिंत २९ अंश : सुमारे २५ वॅट
भिंत ३३ अंश : शून्य
भिंत ३८ अंश : उणे ३३ वॅट

परभणीत मे महिन्यात दुपारचा पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळी घरात उष्णता सोडत राहतात. बंद घराची हवा खेळती नसते. त्या संध्याकाळी सरांच्या बैठकीची भिंत ३५-३६ अंशांवर असणार. उन्हातून आलेल्या माणसाची त्वचा आणि कपडेही त्याच सुमारास पोचलेले असतात. फरक जवळजवळ शून्य. संवेदकाच्या दृष्टीने सर त्या खोलीत नव्हतेच. सकाळी भिंत २९ अंशांवर आली आणि कारागीर त्याला पुन्हा दिसू लागला.

भिंत खूपच तापली तर माणूस तिच्यापुढे थंड ठरतो आणि संवेदक त्यालाही ओळखतो. उणे चिन्हाचा अर्थ तोच. पण तापणाऱ्या आणि निवणाऱ्या घराला शून्याच्या पट्ट्यातून जावेच लागते, आणि उन्हाळ्यात त्या पट्ट्यात कित्येक तास जातात. घर सर्वाधिक काळ रिकामे असते ते लग्नसराईत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. शाळाही तेव्हाच बंद. राखणीची गरज सर्वांत जास्त असते त्याच महिन्यात पहारेकरी मुका होतो, हे यातले कळीचे दुखणे आहे.

काही संवेदकांत तापमान वाढेल तशी संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. घेताना ती विचारून घ्यावी. पण फरकच शून्य असेल तर शून्याला कितीने गुणणार?

'आणि' की 'किंवा'?

दुकानदार अशा वेळी दुहेरी संवेदक सुचवतो. त्यात अवरक्ताबरोबर सूक्ष्मलहरींचाही डोळा असतो. जवळ येणाऱ्या वा दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते. हा डॉप्लर परिणाम त्यात वापरतात. त्याला उष्णतेशी देणेघेणे नाही. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारावा : घंटा 'दोन्हींनी' सांगितल्यावर वाजते की 'एकाने' सांगितल्यावर?

बहुतेक दुहेरी संवेदक 'आणि' या तर्कावर चालतात. दोन्ही डोळ्यांना हालचाल दिसली तरच घंटा वाजते. पडदा हलला, पंखा फिरला, पाल संवेदकावरून गेली, तरी घंटा वाजू नये म्हणून ही व्यवस्था असते. खोट्या घंटा त्यामुळे कमी होतात. पण मे महिन्यात अवरक्त डोळा मिटलेला असताना 'आणि'चे उत्तर नेहमी 'नाही' असेच येणार. उलट 'किंवा' ठेवले तर चोर निसटणार नाही, पण घंटा पालीसाठीही वाजेल.

खोटी घंटा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हिशेब करू. एखाद्या घरात दहा वर्षांत एकदा चोरीचा खरा प्रयत्न होतो असे धरा, आणि यंत्र महिन्यातून फक्त एकदा उगाच वाजते असे धरा. दहा वर्षांत खोट्या घंटा १२०, खरी १. म्हणजे घंटा वाजली असता ती खरी असण्याची शक्यता १२१ मध्ये १, एक टक्क्याहूनही कमी. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पहिल्या इयत्तेपासून सांगतो. शेजारी तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर उठत नाहीत, आणि मग आपल्या सूत्रातली 'धाव' अनंत होते.

या दोन्ही पेचांतून सुटण्याचा साधा मार्ग म्हणजे दारावरचा चुंबकीय खटका. काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या असतात. दाराच्या पाखेवरचे चुंबक जवळ असते तोवर पात्या चिकटलेल्या राहतात. दार उघडले की चुंबक दूर जाते, पात्या सुटतात, मंडल तुटते आणि घंटा वाजते. त्याला ऊन, पाल, पंखा कशाचीच फिकीर नाही. किंमतही थोडी. चोराने तार कापली तरी मंडल तुटतेच, म्हणजे घंटा वाजतेच. 'बिघडले तर वाजले पाहिजे' हे चांगल्या राखणीचे लक्षण आहे. असे खटके बाहेरच्या दारांवर, आणि अवरक्त संवेदक आत दुसरा साक्षीदार म्हणून, ही मांडणी आपल्या हवेला मानवते. माळवदाचे घर असेल तर छतावरचे साणेही दारच समजावे आणि त्याला जाळी बसवावी.

कॅमेऱ्याला काय दिसते?

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याविषयी शासन निर्णय काढला. त्यामुळे कॅमेरा निवडण्याचे काम अनेक मुख्याध्यापकांवर आले. कारण मुलांच्या सुरक्षिततेचे आहे, म्हणून ते काम नुसते कागद पूर्ण करण्यासाठी होता कामा नये.

कॅमेरा हा साक्षीदार आहे. तो स्वतः कुणाला अडवत नाही, आणि त्याची साक्ष चेहरा ओळखू आला तरच उपयोगी. चित्राची रुंदी १,९२० ठिपके आहे आणि भिंग ९० अंशांचा कोन पाहते असे समजा. १० मीटर अंतरावर ते २० मीटर रुंदी पाहते. म्हणजे दर मीटरला ९६ ठिपके. १६ सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्यावर जेमतेम १५. आंतरराष्ट्रीय प्रमाणकाप्रमाणे ओळखीचा माणूस ओळखायला दर मीटरला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० ठिपके लागतात. तोच कॅमेरा ३ मीटरवर आणला तर ३२० ठिपके मिळतात. तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यात उंचावर लावलेला कॅमेरा 'कुणीतरी आले' एवढेच सांगेल. 'कोण आले' हे फाटकाजवळ, चेहऱ्याच्या उंचीच्या आसपास लावलेला कॅमेराच सांगू शकतो.

साठवणीचाही हिशेब मुलांकडून करून घ्यावा. एक कॅमेरा सेकंदाला ४० लाख बिट पाठवत असेल, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणून आणि आठाने भागून ४३.२ गिगाबाइट होतात. चार कॅमेरे असतील तर एक टेराबाइटची चकती सहा दिवसांतच भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. तक्रार पंधरा दिवसांनी आली तर पाहायला काही उरत नाही.

वीज गेली तर? १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. नोंदयंत्र व कॅमेरे मिळून ४० वॅट खात असतील तर ती दोन तास पुरते. ०.२ अँपिअर घेणारे साधे चोरसूचक यंत्र त्याच बॅटरीवर ३५ तास चालते. आणि शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून ती पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नये.

इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातली लाखो साधने, त्यांत मोठ्या प्रमाणावर कॅमेरे आणि नोंदयंत्रे, असे न बदललेले शब्द वापरूनच ताब्यात घेतली होती. दार राखायला ठेवलेल्याच्याच कमरेची किल्ली कुणी पळवावी, तसा तो प्रकार होता. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेकडे नको, हेही पाहावे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

वर्गात करून पाहा

१. प्रयोगशाळेतला रिले, दोन घट, एक घंटा आणि एक चुंबकीय खटका घ्या. पहिला घट, खटका आणि रिलेचे वेटोळे एकाच मंडलात जोडा. वेटोळ्यात वीज नसताना जुळलेला राहणारा रिलेचा संपर्क, दुसरा घट आणि घंटा यांचे वेगळे मंडल करा. चुंबक दूर न्या, घंटा वाजेल. आता चुंबक जागेवर ठेवून तार काढा; तरीही वाजेल. पहिला घट संपला तर काय होईल, ते मुलांना आधी विचारा.

२. मार्च ते मे बंद वर्गाच्या आतल्या भिंतीला तापमापी चिकटवून सकाळी ६, दुपारी २ आणि संध्याकाळी ७ वाजताच्या नोंदी घ्या. आलेख काढून ३१ ते ३७ अंशांचा पट्टा रंगवा. तुमच्या शाळेत अवरक्त संवेदक किती वेळ आंधळा राहील, ते आलेखावरून दिसेल.

३. आपल्या घराची दारे बाहेरून आत क्रमाने लिहा. प्रत्येकासमोर विलंबाची अंदाजी मिनिटे मांडा. शेजारी किती मिनिटांत येतील, हे त्यांनाच विचारा.

तिसऱ्या प्रयोगातला शेवटचा प्रश्न सरांनीही विचारला. उत्तर ऐकून त्यांनी नवे महागडे यंत्र घेतले नाही. व्हरांड्याच्या जाळीला आणि मागच्या दाराला चुंबकीय खटके बसवले, कोयंडे आरपार बोल्टने आवळले, आणि घंटा बैठकीतून काढून शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावली. जुना संवेदक त्याच कोपऱ्यात आहे. त्याची परीक्षा मात्र सर आता डिसेंबरात घेत नाहीत. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी, सात वाजता, घर दिवसभर बंद ठेवून घेतात.